फ्रान्सचं हक्कसोडपत्र

इचलकरंजीत आम्ही राहायचो ती खोली मागाच्या कारखान्याला चिकटून होती. माग चालू असले की भिंत थरथरायची, आणि थांबले की आई घाबरायची, कारण माग थांबले म्हणजे वडिलांची हजेरी थांबली. आई घरात बसून कांड्या भरायची. आम्ही तिघी बहिणी शाळेतून आलो की हात धुऊन तिच्या शेजारी बसायचो. कापसाचा बारीक फुफाटा भाकरीवर येऊन बसायचा, तो फुंकून आम्ही जेवायचो.

आईचं माहेर कागलकडचं. तिथे बागायत होती, विहीर होती, दोन मामा होते. आजोबा गेले त्या वर्षी मामा स्वतः आम्हाला न्यायला आले. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. पुरणपोळी झाली, आईला जरीकाठाची साडी आली, आणि दुसऱ्या दिवशी सगळे मिळून निबंधकाच्या ऑफिसात गेले. आईने हक्कसोडपत्रावर सही केली. सही म्हणजे तिचं पूर्ण नाव, पहिली अक्षरं मोठी आणि शेवटी जागा पुरेना म्हणून बारीक. परत येताना एस.टी.त वडील एवढंच म्हणाले, "दोन गुंठे मागितले असतेस तर डोक्यावर छप्पर झालं असतं." आई म्हणाली, "माहेर तुटलं असतं." त्यानंतर मामांनी आम्हाला कधी बोलावलं नाही. गुंठेही गेले आणि माहेरही गेलं.

इथे अमेरिकेत जन्मलेल्या मुलांना हा प्रकार माहीत असण्याचं कारण नाही, म्हणून सांगते. वडिलोपार्जित जमिनीत मुलींचाही हिस्सा असतो. तो 'मी राजीखुशीने सोडते' असं लिहून देणं म्हणजे हक्कसोड. बहिणी ती भावांना करून देतात. त्यातली खुशी किती, हे साडीचा काठ बघून ठरवायचं. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा: आपली हक्कसोड भावकीतल्या भावकीत होते. परक्याला हिस्सा द्यायचा तर ती विक्री झाली, तिला रीतसर खरेदीखत लागतं.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. कोल्हापुरात बी.ए. केलं, मग एलएल.बी., मेसमध्ये पोळ्या लाटून. हे मी सांगते तेव्हा टेक्सासमधल्या आमच्या फ्रिस्कोतल्या काही बायका अवघडतात. अवघडू देत. लग्न झालं ते सॉफ्टवेअरवाल्याशी, नागपूरचा, स्वभावाने गरीब. इथे आले तेव्हा माझा व्हिसा त्याच्या व्हिसाला लोंबकळत होता आणि मला काम करायची परवानगी नव्हती. वकीलबाई डिशवॉशर लावायला शिकल्या. पुढे परवानगी आली तेव्हा डॅलसच्या एका टायटल कंपनीत, म्हणजे जमिनीची मालकी तपासून देणाऱ्या कंपनीत, टायपिंगला लागले, आणि तिथून लँडमन झाले.

होय, लँडमनच. बाई असली तरी लँडमन. गॅसवाल्या, पाइपलाइनवाल्या आणि आता सोलरवाल्या कंपन्यांना जमीन लागते. ती घेण्याआधी खरा मालक कोण, हे शोधायला जो माणूस कोर्टाच्या इमारतीत जुनी दप्तरं उपसत बसतो, तो लँडमन. मालक सापडले की त्यांच्या दारात जायचं, दात किडतील इतका गोड आइस टी प्यायचा आणि सह्या मिळवायच्या. इथल्या महाराष्ट्र मंडळात अजून लोकांना वाटतं मी घरं दाखवते. गणपतीच्या आरतीला एक काकू दरवर्षी विचारतात, "अगं, आमच्या निखिलसाठी चांगल्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये एखादं बघ ना." मी दरवर्षी सांगते, काकू, मी मेलेल्या माणसांचे वारस शोधते. त्या दरवर्षी प्रसाद घ्यायला वळतात.

माझा मुलूख लुईझियानाचा. फ्रिस्कोहून सकाळी गाडी काढली की जेवणाच्या वेळेला पोचते. पहिल्या वर्षी एका म्हाताऱ्याकडे गेले होते. तो आपल्या पिकअपच्या मागच्या फळीवर बसला होता. कुठली तू, म्हणाला. इंडियन म्हटल्यावर त्याने मला वरपासून खालपर्यंत नीट बघून घेतलं आणि विचारलं, "परत घ्यायला आलात होय?" मी म्हटलं, ते इंडियन वेगळे. तो म्हणाला, "मग ठीक. कुठे सही करू?"

काम शिकवलं ते ड्वेनने. माझा वरिष्ठ, साठीचा टेक्सन, झोपतानाही बूट काढत नसावा असा. जमिनीची साखळी लावायची असते. आजच्या मालकाला कुणी विकली, त्याला कुणी, त्याच्या आधी कुणी, असं मागे मागे जायचं. आपल्याकडे वकील तीस वर्षांचा सर्च देतो आणि हात झटकतो. इथे मुळापर्यंत जावं लागतं, आणि मुळाशी बहुतेक वेळा एकच देणारा बसलेला असतो: युनायटेड स्टेट्स. मी पहिल्याच आठवड्यात ड्वेनला विचारलं, "आणि युनायटेड स्टेट्सला कुणी दिली?"

"फ्रान्सने."

"फ्रान्सला?"

"स्पेनने."

"आणि स्पेनला?"

ड्वेनने टोपी मागे सरकवली. "मॅडम, त्याच्या मागच्या तासांचं बिल लावता येत नाही."

शाळेत ही गोष्ट अशी शिकवतात. देश तेव्हा पोरसवदा होता, स्वतंत्र होऊन वीसेक वर्षं झालेली. नदीच्या मुखाशी एक बंदर हवं म्हणून त्याने पॅरिसला माणसं पाठवली. फ्रान्सच्या सेनापतीला लढाईसाठी पैसा हवा होता. हैतीतल्या गुलामांनी बंड करून त्याच्या फौजेला धूळ चारली होती, त्यामुळे समुद्रापलीकडच्या जमिनीतून त्याचं मनही उठलं होतं. तो म्हणाला, बंदर काय घेता, सगळंच घ्या. मिसिसिपीपासून पार रॉकी पर्वतांपर्यंत. एका सहीत देश दुप्पट झाला. गंमत म्हणजे विकणाऱ्या फ्रान्सने स्पेनकडून ताबासुद्धा घेतलेला नव्हता. म्हणून न्यू ऑर्लिन्समध्ये आधी स्पेनचा झेंडा उतरवून फ्रान्सचा चढवला, आणि महिनाही होतो न होतो तोच फ्रान्सचा उतरवून अमेरिकेचा.

आमच्या मंडळात एक काका आहेत, त्यांनी शेजारच्या प्रॉस्पर गावात दोन प्लॉट घेऊन ठेवलेत आणि ते पॉटलकमध्ये जमिनीशिवाय दुसरं बोलत नाहीत. त्यांनी एकदा सगळ्यांना ऐकवलं, "यार, लुईझियाना पर्चेस म्हणजे हिस्टरीतला बेस्ट डील. आपल्याला असं मिळायला हवं होतं." मी विचारलं, काका, तुमच्या प्लॉटवर जर आधीच शंभर घरं उभी असतील आणि विकणाऱ्याने तो जन्मात पाहिला नसेल, तर घ्याल? काका म्हणाले, "तू ना, सगळ्यात लॉ आणतेस." आणि त्यांनी बटाटेवड्याची चटणी मागितली.

पण आणणारच. तेवढंच मला येतं, आणि ते मी पोळ्या लाटून शिकले आहे. माझ्या धंद्याच्या भाषेत ते खरेदीखत नव्हतंच. फ्रान्सने काय दिलं? तर 'ह्या मुलखात आमचा जो काही हक्क असेल-नसेल तो तुम्हाला सोडला.' अशा दस्ताला इथे क्विटक्लेम म्हणतात. हमी नाही, जमिनीवर पाय ठेवलेला नाही, माझं जे काय असेल ते घे आणि मला मोकळं कर. म्हणजे शुद्ध हक्कसोड. अमेरिकेला त्यातून मिळाला तो पहिला हक्क: इथे राहणाऱ्यांकडून जमीन घ्यायची झाली तर ती आम्ही घेणार, दुसऱ्या कुठल्या राजाने मध्ये यायचं नाही. हे मी मनाचं सांगत नाही. लुईझियानाच्या वायव्य कोपऱ्यातली जमीन अमेरिकेने पुढे तिथल्या कॅडो लोकांकडून निराळा करार करून पुन्हा घेतली. आधी विकत घेतलेलीच होती, तर पुन्हा कशाला घ्यावी लागली? कॅडो लोकांना निघून जावं लागलं. जिल्ह्याला त्यांचं नाव राहिलं, ते मी आठवड्यातून दोनदा टाइप करायचे.

माझी मुलगी आठवीत असताना तिला हा धडा होता. नकाशात अर्धा देश हिरवा रंगवत होती. मी तिला हे सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "आई, दॅट्स नॉट ऑन द टेस्ट." मी म्हटलं, लिही बाई, विकत घेतलं असंच लिही. मार्क त्यालाच आहेत.

आता मिस ओडीलचं सांगते. तिकडे वयस्क बाईच्या नावाआधी मिस लावतात, लग्न झालेलं असो वा नसो. आपण मावशी म्हणतो तसं. मिस ओडील ऐंशीला टेकलेली, विधवा. विटांच्या खांबांवर उचललेलं पत्र्याचं घर, आजूबाजूला अक्रोडाच्या जातीच्या पेकनची झाडं, मागे कुंपण घातलेली घराण्याची थडगी, आणि पुढे नदीपर्यंत शेत. जमिनीची लांबच लांब पट्टी, स्पेनच्याही आधी तिथे फ्रेंच होते त्या काळातल्या वाटणीची. प्रत्येकाच्या पट्टीला नदीचं तोंड मिळालंच पाहिजे, ही त्यांची रीत. आपल्याकडे भाऊवाटणीत प्रत्येकाला विहिरीची वाट ठेवतात तशी.

तिचं घराणं फ्रेंच आणि आफ्रिकन अशा मिश्र रक्ताचं, आणि ही जमीन त्यांच्याकडे स्पेनच्या काळापासून. ती मोठी खरेदी झाल्यावर नव्या सरकारने सांगितलं, जुन्यांचं जुन्यांकडेच राहील, पण तुमचं आहे हे तुम्ही सिद्ध करा. ह्यांच्या एका पणजीच्या पणजीने ते केलं. मिस ओडील हे सांगताना जोर देऊन म्हणाली, "विकलं तेव्हा आम्ही घरीच होतो, बेबी. कुणी दार वाजवलं नाही." ती सगळ्यांनाच बेबी म्हणते, कोर्टातल्या शेरीफलासुद्धा.

त्या पणजीनंतर मात्र कुणी काही केलं नव्हतं. मृत्युपत्र नाही, वाटणी नाही. माणूस गेला की हिस्सा आपोआप मुलांमध्ये, मग नातवंडांमध्ये. शिकागो, ह्यूस्टन, ओकलंड, जिकडे तिकडे हिस्सेदार. राहणारी एकटी मिस ओडील. घरपट्टीही तीच भरायची. माझ्या कंपनीच्या गिऱ्हाइकाला, म्हणजे एका सोलर कंपनीला, तिथे पॅनेल लावायची होती. भाडेपट्ट्याने, असं मला सांगितलं होतं. माझं काम ह्या सगळ्या हिस्सेदारांची वंशावळ काढायचं.

ह्या कामात मला तोड नाही, हे मी नम्रपणा सोडून सांगते. इंग्रजीत सगळे कझिन. चुलत कझिन, मामे कझिन, आते, मावस, सगळ्यांना एकच शब्द. आणि कोर्टाला तर नेमकं कोण कुणाच्या पोटचं ते लागतं. म्हणून मी मराठीत लिहून घ्यायचे. 'ओडीलच्या आतेबहिणीची सून', 'थोरल्या काकूच्या सवतीची मुलगी'. मग घरी येऊन इंग्रजीत उतरवायचं. ड्वेनला वाटायचं मला शॉर्टहँड येतं.

मी मांस खात नाही कळल्यावर मिस ओडीलने माझ्यासाठी वेगळी भेंडी शिजवली, टोमॅटो घालून, बुळबुळीत, थेट माझ्या आईच्या हातची. जेवताना ती नातेवाईक सांगायची आणि मी लिहायचे. तिची धाकटी बहीण वारली होती. तिला घरात 'तीत' म्हणायचे, म्हणजे छोटी. घराबाहेर हे नाव कुणाला ठाऊक नव्हतं. मी ते बहिणीच्या नावापुढे लिहिलं, कारण अशी नावं लिहून ठेवणं ही माझी सवय.

तीतचा मुलगा रेमंड ह्यूस्टनला ट्रक चालवतो. त्याचा पत्ता नक्की करायला मी फोन केला. मावशीच्या जमिनीचं नाव काढताच, मी कोण ते सांगायच्या आत तो म्हणाला, "अहो, सही तर मी केव्हाच केली. तुमचा माणूस येऊन गेला की."

मी विचारलं, कुठला माणूस, कसली सही.

"तो म्हणाला, तू इथे शहरात, तुला त्या जमिनीचं काय करायचंय. सही कर, मावशीचं मोकळं होऊन जाईल. मी विकलं नाही हां काही. नुसतं माझं नाव काढून घेतलं. ट्रकचा गिअरबॉक्स गेला होता, तेवढं त्याने बघितलं."

"मावशीच्याच नावे केलंत ना?"

"मग आणखी कुणाच्या? घरातली गोष्ट. आणि तो माझ्या आईला तीत म्हणत होता. ओळखीतला असल्याशिवाय कोण तीत म्हणेल?"

मी फोन ठेवला. रेमंडची क्विटक्लेम कुणाच्या नावे गेली ते बघायला मला फार वेळ लागणार नव्हता, आणि लागला नाही. कुणी नाव न ऐकलेली एक कंपनी, पत्त्याच्या जागी पोस्टाची पेटी. आपल्या हक्कसोडीत परका येऊच शकत नाही. इथल्या क्विटक्लेममध्ये कुणीही येऊन उभा राहतो. रेमंडला ते माहीत नव्हतं. त्याने माझ्या आईसारखीच सही केली होती, घरातल्या माणसासाठी.

एवढ्याशा हिस्स्याने काय बिघडतं, असं वाटेल. तर ऐका. परक्याच्या हाती बोटभर हिस्सा आला की तो कोर्टात जाऊन म्हणतो, माझं वेगळं करून द्या. घराचे, झाडांचे, थडग्यांचे असे तुकडे पडत नाहीत. मग कोर्ट म्हणतं, सगळंच लिलावात काढा आणि आलेलं वाटून घ्या. लिलावात घेणार तोच, ज्याच्याजवळ पैसा आहे. म्हणजे जन्मभर जिथे राहिली त्या घरातून मिस ओडीलला सामान काढावं लागणार होतं, आणि तिच्या आईवडिलांच्या थडग्यांशी जायला कुणा कंपनीची परवानगी लागणार होती. अर्ज कोर्टात पडलासुद्धा.

मी ड्वेनला गाठलं. तीत हे नाव बाहेर कसं गेलं, विचारलं. तो म्हणाला, "तू केलेलं काम गिऱ्हाइकाचं. तो त्याचं पुढे काय करतो, हे आपण विचारत नाही."

"तुम्ही भाडेपट्टा म्हणाला होतात."

"भाड्याला सगळ्यांच्या सह्या लागतात. लिलावाला एकाची पुरते."

हे तो वाईट मनाने बोलला नाही. साखळी कशी लावायची हे शिकवलं होतं त्याच सुरात बोलला. त्याचाच मला जास्त राग आला. मी इतकी मन लावून काढलेली वंशावळ कुणीतरी समोर पसरून बघितली होती, आणि सगळ्यात दूरचा, सगळ्यात अडलेला माणूस कोण ते हेरलं होतं. मी वारस शोधून देत नव्हते. कुठली फांदी कुजलीय ते दाखवत होते.

आमच्या धंद्यात नियम आहे, समोरच्या पक्षाला सल्ला द्यायचा नाही. मी गाडी काढली आणि मिस ओडीलकडे गेले. निघण्याआधी नवरा म्हणाला, "यार, तू कुणासाठी भांडतेस हे?" आणि मग स्वतःच जाऊन गाडीत गॅस भरून आणला.

तिने नेहमीसारखं ताट वाढलं. मी तिला सगळं सांगितलं: रेमंडची सही, पोस्टाच्या पेटीवाली कंपनी, कोर्टातला अर्ज. तीतचं नाव माझ्या कामातून गेलं, तेही. ती ऐकत राहिली. मग उठली आणि माझ्यापुढचं ताट उचलून आत घेऊन गेली.

"बहिणीचं नाव मी तुला जेवताना सांगितलं होतं," ती म्हणाली. बेबी म्हणाली नाही.

मी म्हटलं, वकील घ्या, आणि आता घरातल्या कुणालाही सही करू देऊ नका, मागणारा कितीही गोड बोलला तरी.

गावात गरिबांचे दावे चालवणारी एक तरुण वकील होती. तिने पहिला प्रयत्न केला तो रेमंडची सही रद्द करून घ्यायचा. कोर्टाने ऐकलं नाही. त्याला वाचता येत होतं, त्याच्यावर जबरदस्ती झाली नव्हती, त्याने पैसे घेतले होते. कायद्याला एवढंच दिसतं. दुसरी एक सोय मात्र त्या राज्यात आहे. लहानसा हिस्सा हातात घेऊन कुणी लिलाव मागायला आला, तर बाकीच्या हिस्सेदारांना पहिला हक्क मिळतो: कोर्ट ठरवेल त्या किमतीत त्यांनी त्याचा हिस्सा घेऊन टाकायचा, म्हणजे लिलाव टळतो. पहिला हक्क. अमेरिकेला फ्रान्सकडून मिळाला होता तोच. फक्त ह्या वेळी तो घरात राहणाऱ्या माणसांना मिळणार होता.

पण बाकीचे हिस्सेदार म्हणजे कोण, हे कोर्टापुढे सिद्ध करायला हवं होतं, आणि मुदत थोडी होती. माझी वंशावळ तयार होती, पण ती कंपनीची मालमत्ता. कंपनीने माझं काम काढून घेतलं आणि सगळे कागद मागितले. मी दिले. मराठी टिपणंसुद्धा दिली. ती तिथे कुणाला वाचता येणार नाहीत, एवढं एक समाधान. मग मी आणि मिस ओडील समोरासमोर बसलो आणि पहिल्यापासून सुरुवात केली. ह्या वेळी भेंडी नव्हती, आइस टीही नव्हता. मी विचारायचे, ती सांगायची, आणि वकील ते तिथल्या तिथे लिहून घ्यायची. चार चार वेळा सांगितलेली नाती ती पुन्हा सांगत होती आणि मध्येच थांबून विचारत होती, "हे कुणाकुणाला दाखवणार आहात?" वकील म्हणायची, फक्त जजला.

चर्चच्या हॉलमध्ये रविवारी सगळी भावकी जमवली. जमली म्हणजे अर्धी खुर्च्यांवर आणि अर्धी वकिलीणबाईंच्या लॅपटॉपमध्ये. ओकलंडची एक चुलतबहीण एका जुन्या पियानोवरून अबोला धरून होती. तो पियानो कुणाकडे गेला ह्यावर पहिला बराच वेळ गेला. मला हसू आवरेना. आमच्या कागलला पितळी घंगाळावरून हेच झालं होतं. रेमंड मागच्या भिंतीला टेकून उभा होता, टोपी हातात घेऊन. त्याला बसायचा हक्क राहिला नाही असं त्याला वाटत असावं, आणि कायद्याने ते खरंही होतं. मिस ओडीलने मान न वळवता सांगितलं, "तीतचा मुलगा आहेस. पुढे येऊन बस." तो येऊन बसला.

शिकागोचा एक पुतण्या स्पष्टच बोलला. मी ती जागा उभ्या जन्मात पाहिलेली नाही, लिलाव झाला तर माझ्या वाट्याला काहीतरी येईल, उलट तुम्ही माझ्याकडूनच मागताय. त्याचं चुकत नव्हतं. मला मंडळातले काका आठवले.

मिस ओडील लॅपटॉपच्या अगदी जवळ गेली, इतकी की तिकडे फक्त तिचा चष्मा दिसत असणार. "तुझी आजी माझ्या न्हाणीघराच्या मागे पुरलेली आहे. मी रोज तिच्यावरचा पाला काढते. तुला विकायचं तर विक. पण आधी इथे ये, तिच्यासमोर उभा राहा आणि तिला सांग."

तो आला नाही. पण त्याने विकलंही नाही.

किंमत ठरवायला कोर्टाचा माणूस आला. सोलर येणार म्हणून आसपासचे भाव चढले होते, ते धरूनच त्याने रेमंडच्या हिस्स्याची किंमत काढली. म्हणजे ज्या कंपनीमुळे घर धोक्यात आलं, तिच्यामुळेच ते वाचवणं महाग झालं. भावकीने जमेल तेवढं जमवलं. रेमंडने ट्रक विकला. पुरलं नाही. शेवटी वकिलीणबाईंनीच तो मार्ग काढला: नदीकडचं शेत विकायचं आणि त्यातून उरलेलं भरायचं. घेणारा एकच होता, तो कोण हे सांगायला नको. सगळ्यांनी सह्या केल्या. खरेदीखतावर, रीतसर. मिस ओडीलने सर्वांत शेवटी केली. ती मला म्हणाली, "ह्या वेळी निदान दार वाजवलं, बेबी." घराण्याला नदीचं तोंड मिळालंच पाहिजे ही रीत स्पेन, फ्रान्स आणि अमेरिका, तिघांच्या झेंड्याखाली टिकली होती. ती माझ्यासमोर संपली.

त्यानंतर मला त्या मुलखात कुठल्या कंपनीने काम दिलं नाही. ड्वेनने एकदा फोन केला, चांगला बोलला, मी मूर्खपणा केला असंही म्हणाला. आता मी त्या तरुण वकिलासाठी पूर्वीच्या मानाने फुटकळ मोबदल्यावर वंशावळी काढते, आणि त्या वंशावळी ज्याच्या त्याच्या घराबाहेर जात नाहीत. मंडळातल्या काकूंना मी सांगितलं की आता मी जिवंत माणसांचे वारसाहक्क बघते. त्या म्हणाल्या, "म्हणजे प्रमोशन ना?"

नदीकडच्या शेतात पॅनेल उभी राहिली आहेत. घर, पेकनची झाडं आणि मागची थडगी मात्र राहिली. कोर्टाच्या नोंदीत आज त्या जागेचे मालक म्हणून मिस ओडीलचं आणि तिच्या हयात असलेल्या सगळ्या हिस्सेदारांची नावं लागली आहेत, रेमंडचं सोडून. आणि त्यांत बाहेरच्या कुणाचंही नाव नाही.